हात, बुद्धी आणि हृदय : सेवाग्रामच्या नई तालीमची वाटचाल

केळझरच्या सिद्धिविनायकाची टेकडी मागे टाकून नागपूर–वर्धा रस्त्याने निघाले की सेलू लागते, मग पवनारची धाम नदी आणि मग वर्धा. वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर सेवाग्राम. आपल्या अगदी शेजारच्या या गावात गांधीजींच्या कल्पनेतून ‘नई तालीम’ (नवे शिक्षण) हा विसाव्या शतकातील भारतीय शिक्षणाचा एक मोठा प्रयोग उभा राहिला. येथील शाळेत गावची मुले शिकत होती आणि निरनिराळ्या प्रांतांतील शिक्षक प्रशिक्षणासाठी येत होते. शिक्षणावर विचार करणारी जगभरातील माणसेही येथे येऊन राहून जात. या शाळेचा विचार लोकांना दुरून ओढून आणत असे.

तो विचार थोडक्यात सांगायचा तर असा : उत्तम शिक्षण ही मूठभरांची मिरास नाही. भाषा, गणित, इतिहास, विज्ञान, संगीत, चित्रकला यांचा वारसा शेतकऱ्याच्या मुलालाही पूर्ण मिळाला पाहिजे आणि तो त्याला हाताच्या कामातून मिळाला पाहिजे. प्राचीन ग्रीसमध्ये स्वतंत्र नागरिकाला शोभतील अशा विद्यांची एक परंपरा घडली. पश्चिमेकडील उदार शिक्षणाचा पाया तीच परंपरा आहे. मात्र त्या विद्यांतून हातकाम वगळलेले होते, कारण ते दासांचे काम मानले जाई. आपल्याकडे जातिव्यवस्थेने हेच केले. पोथी एका घरी गेली आणि माग, चाक, नांगर दुसऱ्या घरी. नई तालीमने ही फाळणी पुसण्याचे काम अंगावर घेतले. स्वतंत्र देशाच्या नागरिकाला दोन्ही यायला हवे, हा तिचा आग्रह होता.

पूर्वपीठिका

या कल्पनेला महाराष्ट्राची जमीन अनोळखी नव्हती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती. शेतकरी वर्गातून शिक्षक घडवावेत आणि अभ्यासक्रमात शेतीचे ज्ञान असावे, असेही त्यांनी सुचविले होते. पुढे बंगालच्या फाळणीनंतर राष्ट्रीय शिक्षणाची लाट आली. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय त्याच लाटेतले. सरकारच्या रोषामुळे ते बंद पडले, पण स्वदेशी शिक्षणाचे बीज राहिले.

गांधीजींचा अनुभव दक्षिण आफ्रिकेतला होता. १९१० साली जोहान्सबर्गजवळ सुरू झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी मुलांना शिकवले. तेथे मुले शेतात राबत, चपला बनवत आणि त्याबरोबर अक्षरे गिरवत. भारतात परतल्यावर साबरमतीला आणि १९२० साली स्थापन झालेल्या गुजरात विद्यापीठात या विचाराला आकार येत गेला. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. या गावाचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. खेड्यात मुक्काम केल्यावर खेड्याच्या शिक्षणाचा प्रश्न रोज समोर उभा राहू लागला. वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांचा भक्कम आधार पाठीशी होताच.

पहिले दशक (१९३७ ते १९४७) : स्थापना आणि कसोटी

१९३७ साली प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली. सर्वांना शिक्षण द्यायचे, तर पैसा कोठून आणायचा, हा पेच होता. शिक्षणाचा खर्च दारूवरील करातून भागवायचा आणि दारूबंदीही करायची, या दोन गोष्टी एकत्र बसेनात. ‘हरिजन’ साप्ताहिकातून गांधीजींनी या प्रश्नाला हात घातला आणि २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला अखिल भारतीय राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. मारवाडी शिक्षण संस्थेने पुढाकार घेतला होता आणि तिचे चिटणीस श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी सारी जुळवाजुळव केली. पुढे नवभारत विद्यालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळेत प्रांतोप्रांतीचे शिक्षणमंत्री आणि शिक्षणतज्ज्ञ जमले. अध्यक्षस्थानी स्वतः गांधीजी होते.

चर्चा मोकळेपणाने झाली. अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी स्वावलंबनाच्या कल्पनेबद्दल गंभीर शंका मांडल्या आणि पुढे तेच अभ्यासक्रम समितीचे सदस्यही झाले. मतभेद असलेल्या माणसालाच कामाला जोडून घ्यायचे, अशी ही सुरुवात होती. परिषदेने चार ठराव केले. देशभर सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण असावे. ते मातृभाषेतून द्यावे. सारे शिक्षण परिसराशी नाते असलेल्या एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफावे. आणि या पद्धतीतून हळूहळू शिक्षकांचे वेतन निघू लागावे.

डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवली होती आणि कामातून शिक्षण देणाऱ्या जर्मनीतील शाळांचा विचार त्यांच्या परिचयाचा होता. समितीवर विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, ख्वाजा गुलाम सैयदैन, आशादेवी आणि निमंत्रक ई. डब्ल्यू. आर्यनायकम होते. २ डिसेंबर १९३७ रोजी समितीने अहवाल सादर केला. या अहवालातील वेळापत्रक आजही वाचण्यासारखे आहे. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यात मूलोद्योगाला, म्हणजे मुख्य हस्तोद्योगाला, ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला ३० मिनिटे, व्यायामाला १० आणि सुटीला १० मिनिटे. वर्षाला २८८ दिवस शाळा. उद्योगाला दिलेला वेळ पाहून अनेकांना वाटले की अभ्यास मागे पडणार. अहवालाचे म्हणणे मात्र असे होते की उद्योगाच्या त्या वेळातच गणित, भूगोल आणि विज्ञान शिकायचे आहे.

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजनेला मान्यता दिली. त्याच वर्षी ‘हिंदुस्थानी तालीमी संघ’ स्थापन झाला. डॉ. झाकिर हुसेन अध्यक्ष आणि आर्यनायकम चिटणीस झाले. श्रीलंकेत जाफना भागात जन्मलेले आर्यनायकम आणि बंगाली घरातल्या आशादेवी या दोघांनीही शांतिनिकेतनात रवींद्रनाथांच्या सहवासात काम केले होते. मुलाला गाणे, रंग आणि निसर्ग लागतो, ही शांतिनिकेतनची शिकवण त्यांनी सेवाग्रामच्या चरख्याशेजारी आणून ठेवली. वर्ध्याला १९३८ मध्येच विद्यामंदिर प्रशिक्षण शाळा सुरू झाली आणि मध्यप्रांताच्या खेड्यांसाठी शिक्षक तयार होऊ लागले.

आपल्या भागात कापूस पिकतो, म्हणून सेवाग्रामच्या शाळेने कापूस हा मूलोद्योग निवडला. मूल आधी पऱ्हाटीजवळ जाई, बोंडे वेचत असे. मग सरकी काढायची, कापूस पिंजायचा, पेळू करायचे आणि टकळीवर सूत काढायचे. चार फुटांची एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी, हे मोजमाप. गुंडीत सूत किती फूट, हे पाटीवर गुणून काढायचे : २५६०. सूत बारीक की जाड, हे वजनावरून ठरवायचे, म्हणजे अपूर्णांक आणि प्रमाण आलेच. काळ्या जमिनीत ओल का टिकते, हा प्रश्न विज्ञानाचा. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला कसा गेला आणि येथला विणकर कशाने बसला, हा धडा इतिहासाचा. एका पेळूत एवढा अभ्यास दडलेला असतो, हे शिक्षकांना आधी स्वतः शिकावे लागले आणि हीच या पद्धतीची सर्वांत अवघड बाजू होती.

वाट सोपी नव्हती. १९३९ अखेर काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली आणि सरकारी आधार आटला. ऑक्टोबर १९३९ मध्ये पुण्याला आणि एप्रिल १९४१ मध्ये दिल्लीच्या जामियानगरला परिषदा झाल्या आणि कामाचा धागा टिकला. १९४२ च्या आंदोलनात अनेक कार्यकर्ते तुरुंगात गेले. तरी मागे राहिलेल्यांनी दिवा विझू दिला नाही. तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी योजनेची कक्षा वाढवली. आता शिक्षण सात ते चौदा वर्षांपुरते उरले नाही, ते जन्मापासून अखेरच्या श्वासापर्यंतचे झाले. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला झालेल्या परिषदेत पूर्व बुनियादी, बुनियादी (म्हणजे पायाभूत), उत्तर बुनियादी आणि प्रौढ शिक्षण असे टप्पे मांडले गेले. प्रौढ शिक्षणाच्या कामात शांताबाई नारुलकर यांच्यासारख्या कार्यकर्त्या गावात घरोघरी गेल्या. याच सुमारास ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. महाराष्ट्रातील बालवाडी खेड्यात पोहोचली ती या दोन प्रवाहांमुळे.

दुसरे दशक (१९४७ ते १९५७) : बहर

स्वातंत्र्यानंतरचे दशक हा संस्थेच्या बहराचा काळ. केंद्र सरकारने बुनियादी शिक्षण हे प्राथमिक शिक्षणाचे राष्ट्रीय स्वरूप म्हणून स्वीकारले. सेवाग्रामच्या परिसरात बालवाडीपासून उत्तर बुनियादीपर्यंतचे वर्ग, शिक्षक प्रशिक्षण, शेती, गोशाळा, विणकाम आणि छापील मासिक असा सगळा संसार उभा राहिला. कवेलूंच्या छपराच्या साध्या इमारती, त्यांच्यामध्ये झाडी आणि कडेला शेत, असे या आवाराचे रूप होते.

उत्तर बुनियादीच्या मुलामुलींचा दिवस पहाटे प्रार्थनेने सुरू होई. सफाईची टोळी संडास आणि आवार पाही आणि मैल्याचे सोनखत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने शिकली जाई. स्वयंपाकघर विद्यार्थ्यांच्याच हाती असे. किती माणसे जेवणार, ज्वारी किती दळायची, डाळ आणि भाजीतून अंगाला काय मिळते, माणशी खर्च किती येतो, याची वही मुलेच ठेवत. महिन्याचा हिशेब आमसभेत वाचला जाई आणि प्रश्न विचारण्याचा हक्क सर्वांत लहान मुलालाही असे. आमसभा आपले मंत्री निवडी आणि मंत्री आपल्या कामाचा अहवाल देत. लोकशाहीचा धडा पुस्तकातून पाठ करण्याऐवजी मुले तो रोज जगत होती.

या दशकात संस्थेला गुणी माणसे लाभली. १९४४ मध्ये शांतिनिकेतनचे कलावंत देवीप्रसाद सेवाग्रामला आले आणि त्यांनी कलाशिक्षणाला वळण दिले. मातीकाम, चित्र, अल्पना या गोष्टी त्यांनी रोजच्या जगण्यात आणल्या. मुलांच्या कलेवरील त्यांचे लेखन आजही शिक्षक वाचतात. १९४९ मध्ये मार्जरी साइक्स आल्या. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि भारताला आपला देश मानणाऱ्या या क्वेकर शिक्षिकेने दहा वर्षे येथील शिक्षक प्रशिक्षणाची धुरा वाहिली. पुढे नई तालीमचा इतिहासही त्यांनीच लिहिला. आशादेवींना १९५४ मध्ये पद्मश्री मिळाली आणि सेवाग्रामच्या कामाची देशाने दखल घेतली. या नामवंतांच्या जोडीने सूत शिकवणारे, गोठा सांभाळणारे, स्वयंपाकघर चालवणारे आणि रात्री कंदिलाखाली प्रौढांचे वर्ग घेणारे कितीतरी कार्यकर्ते होते. संस्था उभी राहिली ती या सर्वांच्या खांद्यावर.

कामाचे पडसाद दूरवर उमटले. १९४८–४९ च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली, तिच्यामागे बुनियादी शिक्षणाची प्रेरणा होती. १९५६ पासून देशात ग्रामीण उच्चशिक्षण संस्था निघाल्या. त्यांत महाराष्ट्रातील अमरावती आणि गारगोटी येथील केंद्रे होती. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्यांत शाळा उभ्या करायलाही सेवाग्रामची माणसे धावून गेली. डिसेंबर १९४९ मध्ये जागतिक शांतिवाद्यांची परिषद शांतिनिकेतननंतर सेवाग्रामला भरली, तेव्हा अनेक देशांतील पाहुण्यांनी ही शाळा पाहिली.

तिसरे आणि चौथे दशक (१९५७ ते १९७७) : संक्रमण

१९५१ मध्ये विनोबांनी भूदान यज्ञ सुरू केला. ग्रामदानापर्यंत पोहोचलेल्या या चळवळीला कार्यकर्ते हवे होते आणि सेवाग्रामचे अनेक शिक्षक व विद्यार्थी पदयात्रेत सामील झाले. शिक्षण आणि समाजपरिवर्तन ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, ही त्यामागची भूमिका होती. १९५९ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. रचनात्मक संस्थांनी एका छत्राखाली काम करावे, या विचाराने हा निर्णय घेतला गेला.

याच काळात देशाचे चित्रही बदलत होते. शहरे वाढली. नोकरीसाठी प्रमाणपत्र आणि प्रमाणपत्रासाठी परीक्षा हे गणित पक्के झाले. सरकारी शाळांनी टकळी घेतली, पण टकळीतून गणित आणि विज्ञान शिकवण्यासाठी लागणारा तयार शिक्षक पुरेशा संख्येने घडला नाही. पालकांनाही वाटू लागले की शहरातल्या मुलांना पुस्तके आणि आपल्या मुलांना मात्र सूत. ही भावना समजण्यासारखी होती, कारण बुनियादी शाळा शहरांत फारशा निघाल्याच नाहीत. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शब्द आणला आणि नई तालीमचे एक अंग सर्वसाधारण अभ्यासक्रमात शिरले.

तरीही सेवाग्रामचे संस्कार वाया गेले नाहीत. येथे शिकलेली माणसे निरनिराळ्या क्षेत्रांत गेली. गडचिरोलीत आरोग्याचे मूलगामी काम करणारे डॉ. अभय बंग हे याच शाळेचे विद्यार्थी. येथील शिक्षणाने आपल्याला काय दिले, हे त्यांनी स्वतः लिहिले आहे आणि मराठी शिक्षकांच्या एका पिढीने ते आवडीने वाचले आहे. दरम्यान, डॉ. झाकिर हुसेन १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. वर्ध्याच्या समितीचा अध्यक्ष राष्ट्रपती भवनात पोहोचला, ही आपल्या जिल्ह्याला अभिमानाची बाब होती.

ऑक्टोबर १९७२ मध्ये सेवाग्रामला पुन्हा राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. पंतप्रधान इंदिरा गांधी उद्घाटनाला आल्या आणि अध्यक्षस्थानी श्रीमन्नारायण होते. ज्यांनी १९३७ ची परिषद जुळवली, तेच पस्तीस वर्षांनी या परिषदेत होते. सेवाग्रामहून नई तालीमचे काम पुढे नेण्याचा निर्धार या निमित्ताने पुन्हा झाला.

पाचवे ते सातवे दशक (१९७७ ते २००५) : धागा टिकवणारी वर्षे

आवारातील शाळेचे वर्ग या काळात बंद राहिले. सेवाग्रामच्या नई तालीम समितीने परिसर सांभाळला, शिबिरे आणि चर्चा घेतल्या, जुने साहित्य जतन केले. ज्यांनी ही वर्षे निगुतीने काढली, त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांनी जागा आणि विचार दोन्ही राखले नसते, तर पुढे काही सुरू करण्याजोगे उरलेच नसते. वर्धा परिसरातील इतर रचनात्मक संस्थांनीही शेती, बालशिक्षण आणि स्त्रियांच्या कामात हीच दृष्टी जिवंत ठेवली.

आनंद निकेतन : २००५ पासून

२००५ मध्ये नई तालीम समितीने त्याच आवारात ‘आनंद निकेतन’ ही मराठी माध्यमाची शाळा नव्याने सुरू केली. बालवाडीपासून वर्ग वाढत गेले आणि शाळा दहावीपर्यंत पोहोचली. सेवाग्राम आणि आसपासच्या गावांतील मुले येथे येतात. त्यांत शेतकरी आणि मजूर कुटुंबांची मुले आहेत, तशी ही पद्धत हवी म्हणून मुद्दाम येणाऱ्या घरांतलीही आहेत. एकाच बाकावर दोन्ही बसतात. सार्वजनिक शाळेकडून याहून मोठी अपेक्षा कोणती असू शकते?

शेती, स्वयंपाक, सूतकताई, शिवणकाम, मातीकाम हे आजही शाळेच्या वेळापत्रकाचे भाग आहेत. मुलगे पोळ्या लाटतात, मुली कुदळ चालवतात आणि त्यात कोणाला काही वेगळे वाटत नाही. वाफ्याचे क्षेत्रफळ काढणे, पेरणीपासून काढणीपर्यंतची नोंद ठेवणे, पिकाचा खर्च आणि उत्पन्न मांडणे या कामांतून गणित आणि भाषा पुढे सरकते. जोडीला गाणे, चित्र, वाचन आणि चर्चा असतेच. शाळा सुरू झाली त्याच वर्षी, २००५ मध्ये, आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने काम आणि शिक्षण यांच्या नात्यावर स्वतंत्र आधारपत्र तयार करवून घेतले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मातृभाषा, हाताने करून शिकणे आणि व्यवसायांचा परिचय यांवर भर दिला. वर्ध्याच्या परिषदेने १९३७ मध्ये मांडलेले मुद्दे अशा रीतीने पुन्हा देशाच्या चर्चेत आले आहेत.

मूल्यमापन आणि आवाहन

पन्नास–साठ वर्षांत नई तालीम संपली, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. योजना म्हणून ती देशभर रुजली नाही, हे खरे. पण चरखा हे तिचे साधन होते आणि साधन काळाप्रमाणे बदलते. मूळ मुद्दा आहे तो विद्या आणि श्रम यांची ताटातूट संपवण्याचा. कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला तो रोज दिसतो. मुलगा शिकला की शेताकडे पाठ फिरवतो आणि शेतात राहिलेला स्वतःला अडाणी समजतो. दोघांचेही शिक्षण अपुरे राहिले, एवढाच त्याचा अर्थ. ज्या मुलाला पऱ्हाटीवरची बोंडअळी ओळखता येते, तिचे जीवनचक्र लिहिता येते, तिच्या नुकसानीचा हिशेब मांडता येतो आणि संध्याकाळी गाणेही म्हणता येते, ते मूल खऱ्या अर्थाने सुशिक्षित. नई तालीमची कसोटी तीच होती आणि आजही ती कोणत्याही शाळेला लावून पाहावी अशी आहे.

म्हणून केळझर, सेलू, सिंदी आणि साऱ्या जिल्ह्यातील शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेच्या सहली लांब लांब जातात. एक सहल सेवाग्रामच्या आनंद निकेतनची काढा. गांधीजींची बापूकुटी पाहून परत फिरू नका. वर्ग पाहा, शेत पाहा, तेथील शिक्षकांशी बोला आणि आपल्या शाळेच्या परसात एक वाफा तरी तयार करा. ज्यांच्या घरी तालीमी संघाच्या काळातील वह्या, छायाचित्रे, सूतनोंदी किंवा पत्रे असतील, त्यांनी ती नई तालीम समितीकडे सोपवावीत. हा वारसा साऱ्या जिल्ह्याचा आहे आणि तो पुढच्या पिढीच्या हाती देण्याची जबाबदारीही आपल्या सर्वांची आहे.